डब्याची उघडी कड

लग्नकार्यात नव्या पाहुण्यांशी गाठ घालून देताना माझा जावई सांगतो, "मामा इलेक्ट्रॉनिक्समध्ये होते." पाहुणे जरा सावरून बसतात आणि विचारतात, "म्हणजे कॉम्प्युटर का?" मग मला खरं सांगावं लागतं. मी डबे करत होतो. पत्र्याचे डबे. जावयाचा चेहरा उतरतो, पण त्याला इलाज नाही. राणीसावरगावाहून परभणीला येऊन आयटीआय केलं आणि औद्योगिक वसाहतीत एकदा जो पत्रा हातात घेतला, तो साठी उलटेपर्यंत खाली ठेवला नाही.

आमचे मालक अप्पा. लिंगायत घरातले. वडलांचं भुसार मालाचं दुकान भावांवर सोपवून हे इलेक्ट्रॉनिक्सच्या नादाला लागलेले. गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि शर्टाच्या खिशात टेस्टर, ही त्यांची खूण. कापसाच्या जिनिंग, डाळमिल, दूध डेअऱ्या, असल्या ठिकाणची यंत्रं चालू-बंद करणारी सर्किटची कार्डं अप्पा बनवायचे. ते हिरवं कार्ड ज्यात बसायचं तो डबा मी बनवायचो. गिऱ्हाईक यायचं, डब्याचं झाकण उघडायचं, आतलं कार्ड बघून "वा अप्पा!" म्हणायचं आणि झाकण बाजूला टाकून द्यायचं. माझं अर्धं आयुष्य त्या टाकून दिलेल्या झाकणात गेलं आहे.

लोकांना वाटतं, डबा धुळीसाठी असतो. धुळीसाठी असतोच, पण ते हलकं काम झालं. खरं काम निराळं आहे. मोटार चालू झाली, वेल्डिंगची ठिणगी उडाली, कुणाचा मोबाईल वाजला, की हवेत लहरी सुटतात. त्या दिसत नाहीत, पण रेडिओ लावलेला असेल तर खरखर ऐकू येते. आम्ही कारखान्यात त्यांना खरखरच म्हणायचो. ही खरखर कार्डात शिरली की कार्डाचं डोकं फिरतं. कुणी बटण दाबलेलं नसताना त्याला वाटतं, दाबलं. काटा शून्यावर असताना आकडे नाचायला लागतात. ती खरखर बाहेर ठेवायची आणि आपल्या कार्डाचीही बाहेर जाऊ द्यायची नाही, यासाठी धातूचा डबा.

आता धातूचा डबा म्हणजे काम झालं, असं मलाही पहिल्या महिन्यात वाटलं होतं. अप्पांनी काय केलं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चालू रेडिओ ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. रेडिओ गप्प. मग त्यांनी झाकण काढलं, डब्याच्या कडेवर चारी बाजूंनी कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि झाकण परत लावलं. खरखरत का होईना, रेडिओ आतून बोलायला लागला.

"समजलं का भीमराव?" अप्पा म्हणाले. "डबा तोच, झाकण तेच. मंग बिघडलं कुठं?"

बिघडलं ते कागदाएवढ्या अंतरात. झाकणाचा धातू आणि डब्याचा धातू चहूबाजूंनी एकमेकांना उघडानागडा भिडला पाहिजे. मधे काही आलं की खरखरीला वाट मिळाली. अशा पातळ लांब फटीपेक्षा दहा बारीक गोल भोकं परवडली, हेही मला तेव्हाच कळलं. म्हणून डबा रंगवताना कडेला चिकटपट्टी लावायची, रंग भाजून निघाला की पट्टी सोलून काढायची. कड उघडी, जस्त चढवलेली, चमकणारी. तिच्यावर झाकणाच्या आतून लावलेली पितळेची लवचिक पट्टी दाबून बसायची. या उघड्या कडेवर मी जेवढा जीव लावला तेवढा पोरांच्या अभ्यासावर लावला असता तर पोरं कलेक्टर झाली असती, असं आमच्या मंडळीचं मत आहे.

गिऱ्हाइकांना मात्र ही कड डोळ्यात खुपायची. एवढा भारी डबा आणि कड रंगवायची राहिली, अशी तक्रार आली नाही असं वर्ष गेलं नाही. गिऱ्हाइकांचे एकेक नमुने होते. गंगाखेडकडच्या एका शेतकऱ्याने विहिरीवरच्या पेटीला छिन्नीने वीतभर चौकोनी खिडकी पाडली होती. का, तर आतला लाल दिवा खाटेवर पडल्या पडल्या दिसला पाहिजे. वर मलाच म्हणाला, "तुमी डोकं लावायचं राहिलं होतं, ते आमी लावलं." एका डेअरीत दुधाचं फॅट मोजणारं यंत्र समोरच्या चक्कीवाल्याने मोटार चालू केली की भलते आकडे दाखवायचं. म्हशीवाले भांडायला उठायचे. डेअरीच्या चेअरमनने अर्थिंगची तार पक्की बांधली होती, पण ती हापशाला, आणि हापसा दोन वर्षांपासून उखडून भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याला बाकी दोष द्यायला जागा नव्हती. हापसा जमिनीत असतो, असं त्याने लहानपणापासून पाहिलं होतं.

असल्या गोष्टी सांगून मी लोकांना पुष्कळ हसवलं आहे. पण एक डबा असा आहे की त्याची गोष्ट मी घरीसुद्धा पुरती सांगितलेली नाही. आता अप्पाही राहिले नाहीत, तेव्हा लिहून टाकतो.

त्याआधी आमच्या कारखान्याची एक रीत सांगितली पाहिजे. आम्ही बौद्ध. दसऱ्याला मी दरवर्षी नागपूरला जायचो. नवमीला परभणीहून रेल्वेत बसायचं, दसऱ्याला पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीवर, आणि दोन दिवसांनी परत. अप्पांनी ही रजा कधी अडवली नाही. त्या नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, ते इकडे कारखान्यात यंत्रांची पूजा करायचे. मी परत आलो की माझ्या पत्रा कापायच्या मशीनला हळदकुंकू लागलेलं असायचं आणि टेबलावर कागदात खोबरं. अप्पा म्हणायचे, "तुमच्या मशीनला नमस्कार केला बरं का भीमराव. तुमच्या वतीनं न्हाई, माझ्याच वतीनं." मी खोबरं खायचो. एवढ्या वर्षांत आमचं यावरून एक अक्षर वाकडं झालं नाही. पण याचा अर्थ असा, की आमच्या भागात खंडेनवमीला यंत्रांचं काय काय करतात ते मी नोकरीत कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं.

मानवतच्या एका जिनिंगमध्ये गठाणीच्या प्रेसवर आमचा डबा होता. कापसातून सरकी वेगळी झाली की राहिलेली रुई प्रेसच्या पेटीत भरतात. वरून लोखंडी दट्ट्या खाली येतो, रुई दाबतो, मग फटीतून तारा ओवून गठाण बांधतात. दट्ट्या खाली आणायला एक हिरवं बटण. त्या बटणाचा हुकूम आमच्या कार्डाकडून दट्ट्याला जायचा. डबा प्रेसजवळच्या खांबावर. बटणावर मुंजाजी नावाचा माणूस असायचा, चाळिशीचा, कमी बोलणारा, दहाएक वर्षं तेच काम करणारा. तारा ओवायला त्याचा सख्खा मेहुणा, बालाजी. मुंजाजीनेच त्याला कामावर लावलं होतं.

त्या वर्षी सीझन सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील. बालाजीचा हात तार ओढायला फटीत होता आणि दट्ट्या खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मुंजाजी एवढंच म्हणत राहिला, की मी बटणाला हात लावला नाही. ते कुणाला पटणार? बटण त्याच्यापाशी. बटणाजवळ दुसरं कुणी नव्हतं. बालाजीची पाठ त्याच्याकडे होती. जिनिंगच्या शेटजींनी डबा खांबावरून उतरवून आमच्याकडे तपासायला पाठवला. डब्यात खोट निघाली तर मुंजाजी सुटला, नाही निघाली तर बटण त्यानेच दाबलं. हिशेब सरळ होता.

डब्यामागोमाग मुंजाजी स्वतः एसटीने परभणीला आला आणि आमच्या कारखान्याच्या पायरीवर बसून राहिला.

"डबा खोटा निघंल ना सायेब?" त्याने मला विचारलं.

"बघू. असेल तर निघेल," मी म्हणालो.

"मी हात लावला न्हाई ओ. बालाजी माझ्या बायकोचा भाऊ हाय. घरी ती तोंडाकडं बघंना झालीय माझ्या. पाणी देतीय अन् भाईर जातीय."

मी त्याला धीर देत होतो. म्हणालो, घाबरू नको, मी नीट बघतो. आणि हे बोलता बोलता माझे हात चालू होते. डबा आला की पहिल्यांदा त्याची कड साफ करायची, ही माझी सवय. जिनिंगमधून आलेला डबा म्हणजे तेल, रुईचे तंतू, कुंकू, काय वाटेल ते चिकटलेलं असतं. थिनरचं फडकं फिरवायचं, मग पॉलिशपेपर मारायचा, कड चांदीसारखी झाली की मगच डबा टेबलावर घ्यायचा. जेवायला बसण्याआधी हात धुतो तसं ते. हात धुतले हे काय कुणी लक्षात ठेवतं? मुंजाजी समोर बसून बघत होता आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत कड घासत होतो.

मग तीन दिवस मी तो डबा तपासला. आत रेडिओ ठेवला, गप्प झाला. मोबाईल ठेवला, लागेना. शेजारी वेल्डिंग केलं. त्या साली जिनिंगवाल्यांनी फाटकावरच्या आणि आतल्या मुकादमांना बोलायला वॉकीटॉकी घेतले होते, हे मला माहीत होतं. म्हणून तसला एक मागून आणून डब्याला टेकवून बोललो. कार्ड ढिम्म. चौथ्या दिवशी मी पत्र लिहिलं, पेटीत कोणताही दोष आढळला नाही, आणि खाली सही केली. अप्पांनी शिक्का मारला.

मुंजाजीने ते पत्र हातात घेऊन वाचलं. दोनदा वाचलं.

"मंग कुणी दाबलं?" त्याने विचारलं.

खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही उत्तर देऊन टाकलं होतं. माणूस दिवसभर एकच बटण दाबतो, एखादवेळी हात जातो.

डबा परत खांबावर चढला. मुंजाजीचं काम गेलं. त्याच्या जागी दुसरा आला आणि तो अख्खा सीझन प्रेसने एकदाही खोडी केली नाही. गावाला मग कसलाच संशय उरला नाही. डबा तोच, प्रेस तोच, फक्त मुंजाजी नाही. आणखी पुरावा कशाला हवा?

पुढच्या दसऱ्याला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. नागपूर चुकलं म्हणून मी घरात चिडचिड करत होतो. नवमीच्या सकाळी अप्पांचा फोन आला, की मानवतच्या डाळमिलमधे एक पेटी बंद पडली आहे, गाडी पाठवतो, बसून बसून बघून याल का. मी खुशीने निघालो.

मिलमध्ये पोचलो तर सणाची धांदल. पाण्याच्या पाइपने यंत्रं धुतली होती, झेंडूच्या माळा पडल्या होत्या, आणि एक म्हातारे हमाल हातात ब्रश घेऊन आमच्याच दुसऱ्या एका डब्याला हिरवा ऑइलपेंट देत होते. झाकण उघडं टाकलेलं. ब्रश कसा फिरवावा तर पट्टीने रेघ मारावी तसा. मी बघत उभा राहिलो आणि त्यांचा ब्रश सावकाश उघड्या कडेवर आला.

"बाबा, काय करायलाव?" मी ओरडलोच.

"रंग द्यायलोय की. खंडेनवमी हाय आज."

"कडेला कामून?"

म्हातारबुवा हसले. "कंपनीनं कोरी सोडली हो ती. आमी सोडत न्हाई. दरसाल देताव. आतून बाहीरून. देवाचं काम हाय, अर्धवट कसं ठिवावं?"

"सगळ्याच मिलमधे देतात?"

"मंग! अवजार कोरं ठिवून पूजा करत्यात का कुठं?"

मी तिथेच पोत्यांच्या थप्पीवर बसलो. गुडघ्यामुळे नव्हे. माझ्या डोळ्यांपुढे आला तो पॉलिशपेपर. गेल्या वर्षी मुंजाजीशी बोलता बोलता मी जो घासला, तो हिरवा झाला होता. फडकंही हिरवं. तेव्हा ते मी पाहिलं होतं आणि नेहमीची घाण म्हणून कचऱ्यात टाकलं होतं.

वाचकांच्या लक्षात आलं असेलच. रंग म्हणजे तो कागद. चारी बाजूंनी अप्पांनी ठेवला होता तसा. त्याच्या आधीच्या वर्षांत कडेला रंग असून काही झालं नव्हतं, कारण तेव्हा जिनिंगमध्ये वॉकीटॉकी नव्हते. त्या साली ते आले, मुकादम डब्याशेजारी उभा राहून "गाडी पाठवा" म्हणाला असेल, आणि कार्डाला वाटलं बटण दाबलं. मग डबा माझ्याकडे आला, आणि तपासणीआधी मी माझ्या हाताने, माझ्या चांगल्या सवयीने, खोट पुसून टाकली. साफ केलेला डबा परत गेला म्हणून सीझनभर सुरळीत चालला. त्या सुरळीत चालण्याने मुंजाजीचा गुन्हा शाबीत झाला. मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

तिथली पेटी तशीच सोडून रिक्षाने जिनिंगवर गेलो. खांबावरचा डबा ओल्या हिरव्या रंगाने चमकत होता, वर झेंडूचं फूल. चार दिवसांनी नवा सीझन. मी शेटजींना सांगितलं, मी सांगेपर्यंत प्रेसला कुणी हात लावायचा नाही. मग अप्पांना फोन केला.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरडून टाका रंग," ते म्हणाले. "आन् बजावून सांगा, पुन्हा द्यायचा न्हाई. बास. गेल्या सालचं आता उकरून काय फायदा? आपल्याच नावाला बट्टा. दहा मिलवाले उद्या डबे काढून दारात टाकतील."

"पत्रावर माझी सही आहे अप्पा."

"शिक्का माझा हाय."

"म्हणूनच म्हणतो."

मग अप्पा म्हणाले, "दसरा होऊ द्या. रंग वाळंल. एकादशीला मी येतो. वॉकीटॉकी मी धरतो, डबा माझा हाय."

त्याच दुपारी मी मुंजाजीचं घर शोधलं. तो आता मोंढ्यात हमाली करत होता. सणाची सुट्टी म्हणून घरीच होता. मी सगळं सांगितलं, कड, रंग, पॉलिशपेपर. माफी मागितली. मला वाटलं होतं, तो चिडेल, निदान दोन शिव्या घालेल. मला त्या हव्याही होत्या.

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब. दाबलं आसंल मीच."

"अरे, मी सांगतोय ना, तू नाही दाबलंस."

"तुमीच लिहून दिलं होतं की." त्याच्या आवाजात राग नव्हता. "साल झालं, समदे म्हणायलेत. मला बी आता सपनात दिसतंय, मी दाबायलोय म्हणून. हात दिसतोय माझा बटनावर. खरं काय अन् खोटं काय, मलाच कळंना गेलंय."

दारात त्याची बायको, द्वारकाबाई, उभी होती. ती सगळं ऐकत होती. मी तिला म्हणालो, "ताई, एकादशीला तुम्ही दोघं या. भावालाही घेऊन या. मी सांगत नाही, दाखवतो."

ती तशीच आत गेली.

पुढचं आधी सांगून टाकतो. त्यानंतर आम्ही प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतून कोरायला लागलो, "ही कड रंगवू नये." दसऱ्याच्या आठवड्यात अप्पा जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून सांगायचे, पूजा दणक्यात करा, फक्त कड सोडा. एकाही गिऱ्हाइकाने डबा दारात आणून टाकला नाही. शेटजींनी मुंजाजीला परत कामावर घेतलं. मी पहिलं पत्र खोटं ठरवणारं दुसरं पत्र लिहिलं, माझ्या हाताने, आणि त्याची एक प्रत मुंजाजीला दिली. बालाजीची बोटं मात्र कुठल्या पत्राने यायची नव्हती. सीझनच्या आधी रंग द्यायचा असतो, हे माझ्या धंद्यात मला माहीत असायला हवं होतं. मी कुणाला कधी विचारलंच नाही, तुम्ही माझ्या डब्याचं पुढे काय करता म्हणून.

एकादशीला सकाळी अप्पा आले. नवं धोतर नाही, साधा कामाचा शर्ट. प्रेस रिकामा. शेटजी, मुकादम, पंधरा-वीस कामगार. बालाजी एका जुन्या गठाणीवर तोंड फिरवून बसला होता. द्वारकाबाई खांबापासून लांब, डोक्यावरचा पदर दातात धरून. मी दट्ट्या चालवणारा प्रेसचा पंप चालू करायला लावला, सगळ्यांना मागे सारलं आणि मुंजाजीला हिरव्या बटणापासून चार पावलांवर उभं केलं.

"हात वर धर," मी म्हणालो. "दोन्ही. सगळ्यांना दिसू देत."

त्याने हात वर केले. अप्पा डब्याजवळ गेले, वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि म्हणाले, "हॅलो, गाडी पाठवा."

दट्ट्या धाडकन खाली आला.

मी दट्ट्या वर घेतला. शेटजींनी पुढे होऊन वॉकीटॉकी घेतला. त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दट्ट्या खाली. तेवढ्यात बालाजी उठला. "मला द्या," म्हणाला. उजव्या हाताने त्याला ते यंत्र नीट धरता येत नव्हतं, अंगठ्याने आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याने ते आवळलं आणि मुंजाजीच्या वर धरलेल्या हातांकडे बघत बटण दाबलं. दट्ट्या आला. त्याने वॉकीटॉकी गठाणीवर ठेवला.

"दाजी," तो म्हणाला, "लय बोललो ओ मी तुमाला."

मग मी झाकण उघडलं आणि सगळ्यांसमोर कड घासली. हिरवा झालेला पॉलिशपेपर शेटजींच्या हातात दिला. झाकण लावलं. अप्पा वॉकीटॉकी डब्याला टेकवून "गाडी पाठवा, गाडी पाठवा" ओरडत राहिले, त्यांचा घसा बसला, पण दट्ट्या जागचा हलला नाही. मी पंप बंद करायला सांगितलं. आवाज थांबला, लोक पांगायला लागले.

मुंजाजी अजून तिथेच उभा होता, चार पावलांवर, दोन्ही हात वर धरून. द्वारकाबाई चालत त्याच्यापर्यंत गेली आणि तिने त्याची दोन्ही मनगटं धरली.

"खाली घ्या आता हात," ती म्हणाली. "बघितलं मी."